मेजर की म्हणजे काय?

संगीतावर बोलावयास कामगार संघटनेचा कार्यकर्ता उभा राहिला की श्रोत्यांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. मी गवई नाही, वादकही नाही. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण सभा, करारनामे, वेतनश्रेणीची कोष्टके आणि रस्त्यावर विकावयास मांडलेली जुनी पुस्तके यांतून झाले. परंतु दोन पक्ष एकच गोष्ट निरनिराळ्या भाषांत सांगत भांडत असले, तर मध्ये उभे राहून ती गोष्ट कोणती हे शोधणे हा माझा तीस वर्षांचा धंदा आहे. या विषयात मी शिरलो तो त्याच दाराने.

काही वर्षांपूर्वी १ मेच्या सभेसाठी आम्ही एक समूहगीत बसविले. चाल ‘इंटरनॅशनल’ या जुन्या कामगारगीताची, शब्द आपल्या भाषेतले. पेटीवर आमचे एक निवृत्त सभासद होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांची हयात भजनी मंडळात पेटी वाजविण्यात गेली. जोडीला एका सभासदाचा मुलगा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन आला होता. गाणाऱ्या तीसेक माणसांत निम्म्याहून अधिक बायका होत्या, सफाई खात्यातल्या आणि कॅन्टीनमधल्या. तालीम पुरेशी झाली नाही, आणि तो दोष माझा. तालमीच्या वेळा मी बैठकांना देऊन टाकल्या. व्यासपीठावर गाणे सुरू झाले ते इतक्या उंच सुरात, की दुसऱ्या ओळीला बायकांचे आवाज तुटले. पुरुष आपले खालून रेटत राहिले, आणि तिसऱ्या ओळीला भरल्या मैदानासमोर गाणे बंद पडले.

सभा संपल्यावर मुलगा मला म्हणाला, “काका, आपण बी फ्लॅट मेजरमध्ये धरलं. जी मेजर घ्यायला हवं होतं.”

आबा तिकडून कडाडले, “अरे, काळी पाच कशाला धरलीस? पांढरी पाच घे म्हणून मी आधीपासून सांगतोय!”

दहा मिनिटे दोघे भांडले. दोघांचे म्हणणे एकच होते, हे दोघांनाही ठाऊक नव्हते आणि मला तर नव्हतेच. ‘जी’ म्हणजेच आपली पांढरी पाच, हे मला त्याच रात्री कळले. त्यापुढचा ‘मेजर’ शब्द मात्र समजावयास जवळजवळ वर्ष लागले. ते वर्ष वाचकांचे वाचावे, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम पेटी समोर घ्यावी. पेटी नसेल तर मुलांचा कीबोर्ड चालेल. पांढऱ्या पट्ट्यांची रांग आहे आणि मागच्या बाजूस काळ्या पट्ट्या आहेत, कोठे दोन तर कोठे तीन. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडे असलेली पांढरी ती पांढरी एक. तेथून उजवीकडे पांढरी दोन, तीन, असे सातपर्यंत जावे, की पुन्हा पांढरी एक येते. काळ्या एका सप्तकात पाच. इंग्रजी पद्धतीत पांढऱ्यांना सी, डी, ई, एफ, जी, ए, बी अशी नावे आहेत. म्हणजे सप्तकात एकूण बारा पट्ट्या झाल्या. कोणत्याही पट्टीवरून अगदी शेजारच्या पट्टीवर, मग ती काळी असो वा पांढरी, जाणे याला आपण येथे ‘एक पायरी’ म्हणू. पांढरी एक ते पांढरी दोन या दोन पायऱ्या, कारण मध्ये काळी आहे. पांढरी तीन ते पांढरी चार ही मात्र एकच पायरी, कारण मध्ये काळी नाही. पांढरी सात ते वरची पांढरी एक हीही एकच. पुष्कळांनी जन्मभर पेटी पाहिलेली असते. पण दोन ठिकाणी काळी का नाही असा प्रश्न त्यांना पडलेला नसतो. मलाही पडला नव्हता. सारी गोम त्या दोन मोकळ्या जागांत आहे.

आता पांढरी एकपासून नुसत्या पांढऱ्या वाजवीत वर जा. कानाला सा रे ग म प ध नी सा ऐकू येईल, सगळे शुद्ध. पायऱ्या मोजल्या तर २, २, १, २, २, २, १ अशा येतात. बेरीज बारा. हा सात आकड्यांचा क्रम म्हणजे मेजर स्केल. याहून गूढ त्यात काही नाही.

‘स्केल’ हा शब्द माझ्या आयुष्यात आला तो संगीतातून नव्हे, पगारातून. माझ्या वयाच्या नोकरदार वाचकांना चौथ्या वेतन आयोगातील कनिष्ठ लिपिकाचे स्केल आठवत असेल: ९५०-२०-११५०-ईबी-२५-१५००. मूळ पगार ९५०. तेथून दरवर्षी २० रुपयांची वाढ. ११५० वर ‘एफिशियन्सी बार’ नावाचा अडसर. तो ओलांडला की २५ ची वाढ. या ओळीत दोन निराळ्या गोष्टी सांगितलेल्या असत. सुरुवात कोठून, ही एक. आणि पावले केवढाली, ही दुसरी. उद्या कोणी म्हणाले, वाढी त्याच ठेवू पण मूळ पगार ९५० ऐवजी १२०० करू, तर सगळी शिडीच्या शिडी वर उचलली जाईल, पायऱ्यांतील अंतरे तशीच राहतील.

‘जी मेजर’ या दोन शब्दांतही नेमक्या या दोनच गोष्टी आहेत. ‘जी’ म्हणजे मूळ कोठे धरले, आपल्या भाषेत सा कोठे ठेवला. ‘मेजर’ म्हणजे तेथून पुढची पावले २, २, १, २, २, २, १ या क्रमाने टाकावयाची. आपल्या संगीतात सा कोणत्याही उंचीवर ठेवता येतो, हे भजनाला बसणाऱ्या पोरालाही माहीत असते. त्या उंचीलाच आपण ‘पट्टी’ म्हणतो. पाश्चात्त्यांची सी, डी, ई ही नावे मात्र जागेवर खिळलेली आहेत, म्हणून त्यांना निराळे सांगावे लागते की आज घर डीमध्ये आहे की एफमध्ये.

हे हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही. पांढरी पाच, म्हणजे जी, हा सा धरा आणि पावले मोजा. पाच, सहा, सात, एक, दोन, तीन या पांढऱ्या बरोबर येतात. पुढे नी हवा. ध पांढऱ्या तीनवर आहे आणि तेथून दोन पायऱ्या जावयाचे आहे. पांढरी चार तर एकाच पायरीवर आहे. म्हणून ती सोडून काळी तीन घ्यावी लागते. जी मेजरमध्ये एक काळी येते ती अशी. सा पांढऱ्या चारवर, म्हणजे एफवर, धरला तर म साठी पांढरी सात चालत नाही, ती ग पासून दोन पायऱ्या दूर पडते. काळी पाच घ्यावी लागते. इंग्रजी स्वरलिपीच्या आरंभी जी लहान लहान चिन्हे छापलेली असतात, ती म्हणजे कोणत्या पट्ट्या बदलून घ्यावयाच्या याची आगाऊ सूचना. बारा पट्ट्यांपैकी कोणतीही सा होऊ शकते, म्हणून मेजर की बारा आहेत.

बाजारात ‘स्केल चेंजर’ पेटी मिळते. तिचा पट्ट्यांचा सांगाडा आतल्या रीड्सवर डावीउजवीकडे सरकविता येतो. बोटे होती तेथेच राहतात, गाणे मात्र वर किंवा खाली जाते. कीबोर्डवाल्या मुलाकडे त्याच कामाचे बटण होते. आबांकडे ना ती पेटी, ना ते बटण. ते हात सरकवितात आणि काळ्या-पांढऱ्यांचा नवा हिशेब बोटांनीच करतात. तिघांची क्रिया एकच.

येथे वेतनश्रेणीची उपमा संपते, कारण पगाराच्या शिडीवर चढणारा माणूस पुन्हा मूळ पगारावर यावे अशी इच्छा कधी करीत नाही. सुरांची ओढ नेमकी उलट असते. ते घरी परततात, आणि ही घरची ओढ म्हणजेच ‘की’. सात सुरांची नुसती यादी हे स्केल झाले. त्या सातांत एक धनी आणि बाकीचे त्याच्याशी नात्याने बांधलेले, असे झाले म्हणजे ‘की’ झाली. सा रे ग म प ध नी असे म्हणा आणि नी वर थांबा. जवळ बसलेले कोणीही, अगदी संगीताशी संबंध नसलेले माणूससुद्धा, तो वरचा सा मनात म्हणून टाकील. नी घराच्या उंबऱ्यावर एकाच पायरीवर उभा आहे, म्हणून त्याची ओढ एवढी. म आणि ग यांच्यामध्येही तशीच एक पायरी आहे. म खाली ग कडे झुकतो.

मला प्रथम वाटे, या पायऱ्या अशा लहानमोठ्या कशाला? सगळ्या सारख्या करा, म्हणजे अन्याय नको! प्रयोग करून पाहिला. पांढरी एकपासून दोन-दोन पायऱ्यांनी वर गेलो. सहा सारखी पावले झाली आणि सप्तक पुरे झाले. पण घर हरवले. प्रत्येक सूर दुसऱ्यासारखाच, कोठेही थांबले तरी थांबल्यासारखे वाटेना. मेजरच्या सात सुरांत मात्र अगदी सहा पायऱ्यांचे, म्हणजे बरोबर अर्ध्या सप्तकाचे, अंतर असणारी जोडी एकच आहे: म आणि नी. ही जोडी कानावर पडली की तयार कानाला लगेच कळते की घर कोठे आहे. पायऱ्या असमान आहेत म्हणूनच दिशा कळते.

आता ‘मेजर’ या शब्दाकडे वळू. लष्करातल्या मेजराशी त्याचा संबंध नाही, आणि मोठ्या महत्त्वाचे म्हणून मेजर असेही नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अधिक मोठा’. काय मोठे? तर सा पासून तिसऱ्या सुराचे अंतर. मेजरमध्ये ग चार पायऱ्यांवर असतो. तो तीन पायऱ्यांवर आणला, म्हणजे कोमल केला, की मायनरचे दार उघडते. गंमत अशी की मायनर ऐकावयास काळ्या पट्ट्यांची गरजच नाही. त्याच पांढऱ्या पट्ट्या, परंतु पांढरी सहा हा सा धरून वाजवा. पावले २, १, २, २, १, २, २ अशी होतील. सूर तेच सात, धनी बदलला की घराचा सारा रंग बदलतो. म्हणून केवळ ‘कोणते सूर आहेत’ असे विचारून की ओळखता येत नाही. ‘घर कोणते’ हे विचारावे लागते.

मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी, असे एक वाक्य प्रत्येक शिकवणीत सांगतात. मला ते निम्मे खरे वाटते. पाश्चात्त्य कानांना पिढ्यान् पिढ्या तशी सवय लागली आहे, हे कबूल. परंतु हँडेलच्या १७३९ सालच्या ‘सॉल’ या रचनेतील शोकयात्रेची प्रसिद्ध धून, जी इंग्लंडात मोठमोठ्या अंत्ययात्रांत वाजविली गेली, ती सी मेजरमध्ये आहे, म्हणजे अगदी पांढऱ्या पट्ट्यांच्या घरात. लय संथ, ढोल दबका, आणि माणसे मान खाली घालून चाललेली. तेथे शुद्ध ग वाजतो म्हणून कोणाला हसू फुटत नाही.

आता मेजर कीचे खरे भांडवल सांगतो, जे आपल्या गाण्यात नाही. पाश्चात्त्य लोक एका वेळी अनेक सूर वाजवितात. तीन सुरांची जुडी, तिला ते कॉर्ड म्हणतात. मेजर कीमध्ये तीन मुख्य जुड्या आहेत: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. तिन्हींचा बांधा एकच: तळच्या सुरापासून चार पायऱ्या आणि पुढे तीन पायऱ्या. या तीन जुड्यांत सातही सूर येऊन जातात. गिटार घेऊन बसणारा मुलगा शेकडो गाणी तीनच कॉर्डवर म्हणतो, त्यामागचे कारण हेच.

जुड्या गोड का लागतात याला आकड्यांचा आधार आहे. सेकंदाला होणाऱ्या कंपनांना आपल्या संगीतग्रंथांत ‘आंदोलने’ म्हणतात. हा शब्द वाचला तेव्हा आपण ओळखीच्या मुलखात आलो असे मला वाटले! सोयीसाठी सा २४० आंदोलनांचा धरू. ग ३००, प ३६० असेल तर प्रमाण ४:५:६ असे स्वच्छ पडते. म ३२०, ध ४००, वरचा सा ४८०. प्रमाण पुन्हा तेच. प ३६०, नी ४५०, वरचा रे ५४०, पुन्हा तेच. वरच्या रे चे निम्मे केले की खालचा रे २७०. म्हणजे तीन जुड्यांतून सारे सप्तक उभे राहिले: २४०, २७०, ३००, ३२०, ३६०, ४००, ४५०, ४८०. मी हा हिशेब प्रथम केला तो एका वाटाघाटीच्या बैठकीत, मालकपक्ष यावयाचा होता तेव्हा, अजेंड्याच्या पाठीवर. इतका बिनचूक ताळेबंद मला आमच्या संघटनेच्या हिशेबातही कधी सापडला नव्हता.

परंतु त्यात मेख आहे. हे सूर असे बिनचूक लावले आणि मग घर बदलावयाचे ठरविले, म्हणजे रे लाच सा मानावयाचे ठरविले, तर त्याचा प कोठे येईल? २७० ची दीडपट ४०५. आपला ध तर ४०० वर बसलेला. नवा प बेसूर! एका घरासाठी पेटी अचूक लावावी तर दुसरे घर बिघडते. त्यावर जी तोड निघाली ती आम्हां लोकांच्या चांगल्या ओळखीची आहे: तडजोड. सप्तकाच्या बाराही पायऱ्या अगदी सारख्या करून टाकल्या. त्यामुळे कोणतीही पट्टी सा होऊ शकते, पण सप्तकाखेरीज एकही अंतर पूर्णपणे शुद्ध राहत नाही. प ला थोडाच तोटा झाला. ३६० ऐवजी सुमारे ३५९.६. ग ला मात्र जास्त भुर्दंड पडला. ३०० ऐवजी तो ३०२.४ वर गेला. पेटीवर खालच्या भागात सा आणि ग एकदम दाबून कान देऊन ऐकावे. आत एक बारीक हेलकावा चाललेला ऐकू येतो. वरील आकड्यांच्या सा-ग मध्ये तो सेकंदाला नऊ-दहा वेळा पडेल.

हा हेलकावा आपल्याकडे भांडणाचे कारण झाला होता. पेटी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून निघाली आणि आपल्या देशात येऊन मांडीवर-जमिनीवर बसली. परंतु तिचे सूर ठरीव, मींड तिला येत नाही आणि तिचा ग तंबोऱ्याच्या ग शी जुळत नाही, असे आक्षेप जाणकारांनी घेतले. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले. १९७१ पासून ती बंदी सैल होत गेली. आक्षेप खोटे होते असे मी म्हणणार नाही. आकडे वर दिलेच आहेत. एवढेच म्हणतो की चाळीतल्या भजनाला, तमाशाच्या फडाला आणि संपाच्या मांडवाला ज्या वाद्याने सूर दिला ते हे. तंबोरा लावावयास लागणारी शांतता आमच्याजवळ कधीच नव्हती.

येथवर वाचल्यावर कोणी म्हणेल, मग मेजर की म्हणजे आपला बिलावल थाटच की! पंडित भातखंडे यांनी दहा थाट मांडले, त्यांत बिलावल हा सर्व शुद्ध सुरांचा, आणि पायऱ्या त्याच. मीही वर्षभर असेच सांगत फिरत होतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. बिलावलाच्या सुरांत राग गातात तेव्हा तंबोरा आरंभापासून अखेरपर्यंत तोच सा धरून असतो. गवई कोठेही हिंडून येवो, घर हलत नाही. पाश्चात्त्य रचनेत घर हलते. एका कीमध्ये सुरू झालेले गाणे मध्येच दुसऱ्या कीमध्ये बिऱ्हाड करते आणि पुन्हा परत येते. तेथे की म्हणजे निघण्याची आणि परतण्याची जागा. प्रवासाला अर्थ येतो तो तिच्यामुळे. युरोपातही हे पहिल्यापासून नव्हते. चर्चच्या जुन्या गाण्यांत निरनिराळ्या सप्तकांचे अनेक प्रकार होते. आजच्या मेजरसारखे सप्तक ग्लारेआनुस या पंडिताने १५४७ साली आपल्या ग्रंथात रीतसर नाव देऊन नोंदविले. पुढच्या शतकात मेजर आणि मायनर या दोघांनी बाकीच्यांना हळूहळू बाजूस सारले, आणि १७२२ साली रामो या फ्रेंच संगीतकाराने जुड्यांच्या आधाराने त्यांचे शास्त्र लिहिले.

याचे उदाहरण म्हणून आमचे बंद पडलेले गाणेच घेऊ. त्याचे शब्द एझेन पोतिए याने १८७१ मध्ये, पॅरिस कम्यून चिरडले गेल्यानंतर लिहिले. चाल आली ती १८८८ मध्ये, उत्तर फ्रान्समधील लील या गिरण्यांच्या शहरात. करणारा पियेर द गेतेर. जन्म १८४८, बेल्जियममधील गेंटचा. धंदा लाकूड कातण्याचा. लिहावाचावयास आणि संगीतही तो शिकला ते कामगारांसाठी चालणाऱ्या संध्याकाळच्या वर्गांत. तेथल्या कामगार गायनमंडळासाठी त्याने ही चाल बांधली. पुढे त्याच्या सख्ख्या भावानेच चाल आपली म्हणून दावा सांगितला. १९१४ मध्ये न्यायालयाचा निकाल पियेरच्या विरुद्ध गेला आणि १९२२ मध्ये त्याच्या बाजूने झाला. १९३२ मध्ये तो वारला. संध्याकाळच्या वर्गाचा विद्यार्थी म्हणून मला त्याच्याविषयी जवळीक वाटते, हे लपवीत नाही. पण येथे त्याचे नाव घेतले ते दुसऱ्या कारणाने. त्याची चाल म्हणजे मेजर कीचा एक सरळ, नीट सोडविलेला धडा आहे.

गाणे खालच्या प वरून सुरू होते आणि लगेच सा वर चढून पाय रोवते. पहिल्याच ओळीत ऐकणाऱ्याला घर दाखविले जाते. सूर सगळे शुद्ध. मग मधला भाग येतो, आणि तेथे एकाएकी शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम लागतो. हा एक सूर बदलल्याने काय होते, ते पायऱ्या मोजून पाहावे. प ला नवा सा धरा. त्याच्या मेजरमध्ये नी हवा तो नेमका घराच्या एक पायरी खाली, म्हणजे आपल्या तीव्र मध्यमावर. जुन्या घराचा तीव्र म हाच नव्या घराचा उंबरठ्यावरचा नी. गाणे प च्या घरी राहावयास गेले. तेथे थोडे थांबून ध्रुवपदासाठी पुन्हा मूळ घरी येते. हजारो लोकांना हा सिद्धांत माहीत नसतो, तरी ध्रुवपद आल्यावर सगळे एकदम मोठ्याने गाऊ लागतात. स्वस्थानी परतल्याचा दिलासा त्यात आहे, असे माझे मत.

त्या फजितीनंतर पुढच्या वर्षी तालमी मी स्वतः घेतल्या. म्हणजे दार उघडून दिले आणि चहा सांगितला. घर पांढऱ्या पाचवर आणले, काळ्या पाचपासून तीन पायऱ्या खाली. चाल सप्तकभर खालीवर फिरते, त्यामुळे तीन पायऱ्यांचा फरक पुष्कळ झाला. बायकांचे आवाज वरच्या जागीही मोकळे लागले. भांडण निघाले ते मधल्या भागावर. सा पांढऱ्या पाचवर, तेव्हा तीव्र मध्यम आला काळी एकवर.

आबा म्हणाले, “इथं मध्यम तीव्र होतो. यमनाची सावली पडल्यासारखं वाटतं. पण सा आपला जागेवरच आहे.”

मुलगा म्हणाला, “नाही आबा, सा जागेवर नाही. इथं आपण डी मेजरमध्ये गेलोय.”

“गेलो कुठं? मी तर इथंच बसलोय.”

या वेळी मी मध्ये पडलो नाही, कारण या वेळी दोघे एकच गोष्ट सांगत नव्हते. मुलाने डावा हात उचलून जुड्या वाजविणे बंद केले आणि नुसती चाल वाजविली. आबांनी डाव्या हाताने भाता चालवीत उजव्याच्या अंगठ्याने जुना सा दाबून धरला. ऐकले तर खरोखरच घर हलले नव्हते. सा तेथेच होता आणि वर एक तीव्र मध्यम डोलत होता. मग आबांनी अंगठा सोडला, मुलाने जुड्या धरल्या, आणि त्याच चालीत, त्याच सुरांत, पायाखालची जमीन सरकून प च्या घराखाली गेली. आबा दोनतीन वेळा “पुन्हा वाजव” म्हणाले. मुलगाही मग अंगठा दाबून जुना सा धरून पाहू लागला. तासभर दोघांचा हाच खेळ चालला आणि चहा गार झाला. बायका दोन्ही वेळा सारख्याच बरोबर गात होत्या.